उसना पट

बाल्डर्स गेट हा संगणकावरचा खेळ सुरू केला की आधी नावं यायची. काळ्या पडद्यावर एकामागून एक बोधचिन्हं, प्रत्येकाचा आपापला गडगडाट. दादा एस्केपची कळ पटापट दाबून ती सगळी पळवायचा. खेळायला वेळ मोजून मिळायचा, त्यात नमनालाच घडाभर तेल कोण जाळणार? तो खेळायचा, मी शेजारी बसून कुठली गुहा बघायची राहिली याची वहीत नोंद ठेवायचे, आणि तो उठला की खुर्ची माझी.

त्या खेळातली एक गोष्ट मला कित्येक दिवस कळली नव्हती. आमच्या योद्ध्याला चांगलं चिलखत घातलं की त्याचा आकडा वाढायच्या ऐवजी उतरायचा. दहा म्हणजे अंगावर काहीच नाही, शून्य म्हणजे भक्कम, उणे चार म्हणजे बाण टण्णकन आपटून परत. बाकी सगळ्या खेळांत आकडा चढला की बरं असतं, मग इथेच उलटं का? दादाला विचारलं. "तसंच असतं," तो म्हणाला. थोरल्या भावंडांकडे हे उत्तर कायम तयार असतं.

खरं उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळालं. ते गणित संगणकवाल्यांचं नव्हतंच. १९७४ मध्ये पुस्तिका, कागद-पेन्सिल आणि फाशांवर सुरू झालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं ते. बायोवेअर कंपनीनं १९९८ मध्ये बाल्डर्स गेट केला, इंटरप्लेनं तो प्रकाशित केला, आणि त्या मूळ खेळाचं नाव वापरायच्या परवान्याबरोबर त्याच्या खोडीही आल्या. भाड्यानं घर घ्यावं आणि मधल्या खोलीत घरमालकाचं जुनं कपाट असावं, तसं. किल्ली उलटी फिरते, पण कपाट हलवायचं नाही.

कपाट कुणाचं, हे खोक्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ही चिन्हं अमक्यांच्या मालकीची असून तमक्यांनी ती परवान्यानं वापरली आहेत. खेळांच्या धंद्यातल्या भांडणांचा मला जो नाद लागला, त्याचं मूळ त्या ओळीत आहे. इतर लोक खेळाचा शेवट काय हे शोधतात, मी खटल्याचा शोधते.

परवाना नेमका कशाचा घेतात, हे मात्र वाटतं तितकं सरळ नाही. कारण खेळाचे नियम कुणाच्याच मालकीचे नसतात. अमेरिकेत १८७९ सालचा एक गाजलेला खटला आहे, हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवरचा. न्यायालय म्हणालं, पुस्तकातला मजकूर लेखकाचा, पण त्यात समजावलेली पद्धत कुणीही वापरावी. खेळांनाही तोच न्याय लागतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि मोठा आकडा आला की वार बसला, यावर कुणाचीही सही नाही. नियम ज्या शब्दांत मांडले ते शब्द, सोबतची चित्रं, ती पात्रं आणि ते जग, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे नाव, एवढंच मालकाचं.

याचा स्वच्छ नमुना आपल्याकडच्याच न्यायालयात सापडतो. रजत आणि जयंत अगरवाला या कोलकात्याच्या भावांनी स्क्रॅब्युलस नावाचा शब्दखेळ फेसबुकवर आणला आणि तो भलताच चालला. स्क्रॅबलला मालक दोन: अमेरिका-कॅनडात हॅसब्रो, उरलेल्या जगात मॅटेल. दोघांनीही २००८ मध्ये धाव घेतली, एकानं अमेरिकेत, दुसऱ्यानं दिल्ली उच्च न्यायालयात. दिल्लीनं सप्टेंबरमध्ये जो अंतरिम निकाल दिला तो मला फार आवडतो. पटावरच्या चौकटींवर कॉपीराइट सांगता येणार नाही, पण नाव मात्र बदला. भावांनी खेळाचं नाव लेक्सुलस केलं. म्हणजे घर सोडावं लागलं नाही, दारावरची पाटी तेवढी उतरवावी लागली.

मग नियम फुकट असताना लोक परवान्यासाठी पैसे का मोजतात? मला वाटतं, उसन्या अवसानासाठी. नवा खेळ बाजारात आणताना कुणी ओळखत नाही. शेजारी एक जुनं, वीस वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं नाव उभं राहिलं की लोक निदान थांबून बघतात. उसन्या अवसानाची अडचण एवढीच, की ज्यानं दिलं तो कधीही परत मागू शकतो.

फॉलआउटची गोष्ट मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगते. ऐकणाऱ्यांना कंटाळा आला तरी सांगते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला इंटरप्लेमध्ये टिम केन अणुयुद्धानंतरच्या उजाड जगातला एक खेळ करत होता. त्याचा पाया होता गर्प्स. ही स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छापील खेळांच्या प्रकाशकाची १९८६ ची नियमावली. तिचा डौल असा, की ती कुठल्याही काळातल्या, कुठल्याही जगातल्या गोष्टीला बसावी. इंटरप्लेनं रीतसर परवाना घेतला होता आणि खेळाच्या नावातही गर्प्स होतं. पात्र कसं घडतं, गोळी कशी लागते, जखम किती खोल होते, सगळं त्या नियमांवर बेतलेलं.

मग स्टीव्ह जॅक्सन गेम्सला सुरुवातीची चित्रफीत दाखवली गेली. तीत चिलखतधारी सैनिक हात बांधलेल्या एका माणसाच्या डोक्यात गोळी घालतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना तो हात विसरता येत नाही. मलाही येत नाही. प्रत्येक कौशल्यासाठी एका गोलमटोल, हसऱ्या पोराची चित्रं होती, तीही पसंत पडली नाहीत. केननं नंतर सांगितलेली हकिकत अशी, की हे बदला असा आग्रह झाला आणि खेळ करणारे बदलायला तयार नव्हते. १९९७ च्या सुरुवातीला परवाना संपला आणि खेळ त्याच वर्षी बाहेर काढायचा होता.

इथे मी नेहमी थांबते. भिंती उभ्या आहेत, छप्पर चढलंय, माणसं राहायला येणार आहेत, आणि कुणीतरी येऊन सांगतं की पाया आमचा आहे, काढून न्यायचाय. केनच्या चमूला मिळाले जेमतेम दोन आठवडे. ख्रिस टेलरनं नवी नियमावली आखली, केननं ती खेळात बसवली. माणसाचे सात गुण ठरले: ताकद, निरीक्षण, चिवटपणा, छाप, बुद्धी, चपळाई, नशीब. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा आधी 'एसलिप्स' असा काहीतरी बोबडा शब्द होत होता. कुणीतरी अक्षरं हलवली आणि 'स्पेशल' झालं. ऑक्टोबर १९९७ मध्ये खेळ बाहेर पडला. ते सात गुण आजही या मालिकेत आहेत, आणि तो हसरा पोरगा तर तिची मुद्राच झालाय.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर तसं नाही. चांगलीच सुंठ उगाळावी लागली. त्या नियमांत गर्प्सची सावली मला अजून दिसते. एक गुण घ्यायचा तर सोबत एक खोड घ्यावी लागते, हा हिशेब पाहिला की जुना शेजार आठवतो. पण ते नियम आता त्यांचे होते, कुणाच्या परवानगीवर नव्हते. गर्प्स राहिलं असतं तर फॉलआउट बहुधा एका नियमावलीची संगणकी आवृत्ती म्हणून ओळखला गेला असता. हे माझं मत, केनचं नव्हे.

आणि मग घर फिरलं तसे घराचे वासेही फिरले. पुढे इंटरप्ले कर्जात बुडालं. बेथेस्डा या दुसऱ्या खेळकंपनीनं आधी फॉलआउटचा पुढचा भाग करायचा परवाना घेतला आणि २००७ मध्ये साडेसत्तावन्न लाख डॉलरना नावच विकत घेतलं. ज्यांनी एकदा दुसऱ्याचा पट सोडून स्वतःचा मांडला, ते स्वतःच्याच पटावर भाडेकरू झाले. अनेकांनी एकत्र खेळायचा एक ऑनलाइन फॉलआउट करायची परवानगी तेवढी इंटरप्लेकडे राहिली, तीही अटींवर: एप्रिल २००९ पर्यंत तीन कोटी डॉलरचं भांडवल उभं करायचं आणि काम जोरात सुरू झालेलं दाखवायचं. अटी पाळल्या नाहीत म्हणत बेथेस्डा त्याच वर्षी न्यायालयात गेलं. त्या खटल्यात बेथेस्डानं केलेला एक युक्तिवाद वाचून मी खुर्चीतून उठले होते. त्यांचं म्हणणं, करारानं इंटरप्लेला फक्त फॉलआउट हे नाव वापरता येतं. ते जग, ती पात्रं, ती चित्रं वापरता येत नाहीत. म्हणजे फॉलआउट नावाचा असा खेळ करायचा, ज्यात फॉलआउटमधलं काहीही नसेल. पाटी तुमची, आत पाऊल टाकायचं नाही.

जानेवारी २०१२ मध्ये तडजोड जाहीर झाली. इंटरप्लेला वीस लाख डॉलर मिळाले, ऑनलाइन खेळाचा हक्क बेथेस्डाकडे गेला, आणि जुने भाग विकायची मुभा इंटरप्लेला २०१३ च्या अखेरपर्यंत राहिली. ती मुदत संपायच्या आत, डिसेंबरात, एका ऑनलाइन दुकानानं पहिले तीन खेळ दोन-तीन दिवस चक्क फुकट वाटले. मीही उतरवून घेतले. ज्या खेळाचा पाया ऐन वेळी काढून नेला होता, तो खेळ असा, दुकान आवरताना हातात ठेवलेल्या वाणासारखा मिळाला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सकडे वळलं तर भाडेकरूपेक्षा मालकाचीच कथा जास्त विनोदी आहे. हा खेळ १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आणि १९९९ मध्ये विझर्ड्ससकट हॅसब्रोकडे गेला. हॅसब्रोनं २००१ मध्ये आपला संगणक खेळांचा विभाग इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीला सुमारे दहा कोटी डॉलरना विकला, आणि आपल्या खेळांचे पडद्यावरचे हक्कही वर्षानुवर्षांसाठी सोबत दिले. चारच वर्षांनी पश्चात्ताप झाला. २००५ मध्ये साडेसहा कोटी डॉलर मोजून यातले बरेच हक्क परत घेतले, पण डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा परवाना तिकडेच राहिला. इन्फोग्राम्सनं तोवर अटारी हे नाव धारण केलं होतं, जे हॅसब्रोच्याच त्या विभागाबरोबर त्यांच्याकडे आलं होतं. २००९ मध्ये हॅसब्रोनं त्याच अटारीवर दावा लावला. आरोप असा, की आमच्या गोपनीय गोष्टी तुम्ही आमच्या स्पर्धकाला दाखवल्यात. २०११ मध्ये समेट होऊन हक्क मूळ घरी परतले. स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ गेम करायला मालकाला दहा वर्षं लागली.

या ओढाताणीत मधले लोक चिरडतात. बाल्डर्स गेटचा तिसरा भाग इंटरप्लेच्याच ब्लॅक आइल या विभागातल्या मंडळींनी करायला घेतला होता, आणि २००३ मध्ये इंटरप्लेच्या हातून परवाना निसटल्यावर तो गुंडाळला. त्या नावाचा तिसरा भाग आला २०२३ मध्ये, बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा, सगळं वेगळं. पहिल्या भागाची नव्यानं सजवलेली आवृत्तीदेखील २०१३ च्या जूनमध्ये करारातल्या भांडणामुळे दोन महिने दुकानातून गायब होती. मी तेव्हा ती घ्यायच्या बेतात होते. घेऊ म्हटलं तर बटणच नाही.

आणि एका शब्दाची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००० मध्ये विझर्ड्सनं एक खुला परवाना काढला, की आमच्या नियमांवर कुणीही आपली पुस्तकं काढावीत. तो 'कायमस्वरूपी' आहे असं त्यात लिहिलं होतं. त्या भरवशावर कित्येकांनी संसार थाटले. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यात जुना परवाना रद्द करायचा घाट होता, आणि नव्याची व्याप्ती छापील पुस्तकं आणि तशाच न हलणाऱ्या फायलींपुरती; व्हिडिओ गेमना जागा नव्हती. लोकांनी विचारलं, कायमस्वरूपी म्हणाला होतात ना? तर वकील मंडळींचा मुद्दा असा, की कायमस्वरूपी म्हणजे मुदत नसलेला. 'मागे घेता न येणारा' असं कुठे लिहिलंय? मुदत नाही म्हणजे उद्याही मागता येईल! कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद करण्यापर्यंत लोक चिडले, तेव्हा कुठे त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांसाठी खुल्या परवान्याखाली मोकळा केला. तो परवाना मात्र मागे घेता येत नाही. तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

बॅटलटेकबद्दल थोडक्यात. १९८४ चा हा पटावरचा खेळ, अवाढव्य लढाऊ यंत्रमानवांचा. पहिलं नाव बॅटलड्रॉइड्स. पण 'ड्रॉइड' हा शब्द लुकासफिल्मकडे नोंदलेला निघाला, म्हणून नाव बदललं. त्यातल्या काही यंत्रमानवांची रूपं जपानी ॲनिमेशनमधून परवान्यानं घेतलेली होती, आणि तीच रूपं आमची, असा दावा हार्मनी गोल्ड या कंपनीनं लावला. तडजोडीनंतर ती चित्रं पुस्तकांतून काढून टाकली. यंत्रमानव राहिले, नावं राहिली, आकडे राहिले, फक्त दिसेनासे झाले. चाहत्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'अनसीन'. २०१७ मध्ये याच चित्रांवरून बॅटलटेकचे व्हिडिओ गेम करणाऱ्यांवर पुन्हा खटला भरला गेला आणि पुढच्या वर्षी मिटला. तीस वर्षांपूर्वीच्या रेखाटनातला खांदा आणि आजच्या पडद्यावरचा खांदा सारखा आहे का, यावर शहाणीसुरती माणसं भांडत होती.

या सगळ्या भांडणांत निदान दोन बाजू असतात. मला जास्त अस्वस्थ करते ती बाजूच नसलेली गोष्ट.

सन २००० मध्ये मोनोलिथ या स्टुडिओनं केलेला 'नो वन लिव्हज फॉरएव्हर' हा साठच्या दशकातल्या हेरगिरीची टर उडवणारा खेळ. नायिका केट आर्चर. मुली खेळात नायिका म्हणून असतात आणि तरी विनोद त्यांच्यावर नसतो, हे मी प्रथम तिथे पाहिलं. पहारेकरी एकमेकांशी जे गप्पा मारायचे त्या ऐकायला मी भिंतीआड तासन्‌तास उभी राहायचे. प्रकाशक होता फॉक्स इंटरॅक्टिव्ह. दुसरा भाग २००२ मध्ये सिएरानं काढला. मग फॉक्स इंटरॅक्टिव्ह व्हिवेंडीकडे गेलं, व्हिवेंडीचे खेळ २००८ मध्ये ॲक्टिव्हिजनमध्ये मिसळले, आणि मोनोलिथ २००४ मध्येच वॉर्नरकडे गेलेलं होतं.

नाइटडाइव्ह स्टुडिओज ही मंडळी जुने, अडगळीत पडलेले खेळ शोधून पुन्हा विक्रीला आणतात. सिस्टिम शॉक दोन या जुन्या खेळाचे हक्क शोधता शोधता ते एका विमा कंपनीच्या दारात पोचले होते. मूळ स्टुडिओ बंद पडल्यावर हक्क तिकडे गेले होते. विमा कंपनीनं ऐकून घेतलं आणि २०१३ मध्ये खेळ परत आला. त्यामुळे केट आर्चरच्या बाबतीतही ते आशेनं कामाला लागले. तीन दरवाजे ठोठावले. फॉक्स आणि ॲक्टिव्हिजन, हक्क आपल्याकडे आहेत की नाहीत हे ठामपणे सांगू शकले नाहीत. करार कागदावरच्या जमान्यातले, कुठल्यातरी दप्तरात असतील तर असतील. शोधायला माणूस बसवण्याइतकी निकड कुणालाच नव्हती. नाइटडाइव्हनं २०१४ मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा वॉर्नर मात्र जागं झालं. परवाना द्यायचा नाही, भागीदारी करायची नाही आणि स्वतः काढायचाही विचार नाही, असं त्यांच्याकडून कळलं. बाकीच्यांचा सूर असा, की हक्क आमचे निघाले तर मात्र आम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाइटडाइव्हनं नाद सोडला. मोनोलिथला वॉर्नरनं फेब्रुवारी २०२५ मध्ये टाळं ठोकलं.

अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गानं विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मांडलं. सगळ्यांमागे परवान्याचं भांडण नसतं. यंत्रं बदलतात, कंपन्या मरतात. पण केट आर्चर अडकली ती भांडणामुळेही नाही. भांडायला निदान मालक कोण ते माहीत असावं लागतं.

मध्ये एकदा आवराआवर करताना तिची डिस्क सापडली. आता घरातल्या एकाही संगणकाला डिस्क घालायची फट नाही. दादाला फोटो पाठवला, तर त्यानं विचारलं, "टाकणार आहेस का?" नाही म्हणाले. खोक्याच्या मागची मुंगीएवढी अक्षरं भिंगाखाली धरून वाचली: परवाना, चिन्हं, सर्व हक्क राखीव. मग डिस्क वायरी आणि बंद पडलेल्या चार्जरांच्या खोक्यात परत ठेवली. खेळ माझ्या खोक्यात आहे. त्याचा कागदही कुठल्यातरी कंपनीच्या अशाच एखाद्या खोक्यात असणार, आणि ते उघडायला त्यांनाही सवड झालेली नाही.